मुंगसाची साक्ष

अश्वमेधाचा घोडा मोकळा सोडतात, असे आपण म्हणतो. त्याला लगाम नसतो, आणि त्याने कोणत्या दिशेस जावे हे कोणी सांगत नाही. परंतु त्याच्या मागोमाग सेना चालत असते. घोडा ज्या भूमीवर पाय ठेवील ती भूमी राजाची ठरावयाची. आणि वर्ष उलटले म्हणजे तो घोडा यज्ञमंडपात परत यावयाचा, तो यूपाला बांधला जाण्यासाठीच. श्रीधरस्वामींचा ‘जैमिनी अश्वमेध’ देवळाच्या सभामंडपात बसून ज्यांनी ऐकला आहे त्यांना, मोकळीक आणि मालकी ही दोन्ही एकाच प्राण्याच्या पाठीवर कशी बसतात, हे निराळे सांगावयास नको.

हे मनात ठेवून ‘द मिसफिट्स’ हा जुना अमेरिकन चित्रपट पाहिला म्हणजे त्याची जी नेहमीची समीक्षा होते ती अपुरी वाटू लागते. जॉन ह्यूस्टन यांचे दिग्दर्शन व आर्थर मिलर यांची पटकथा असलेला हा कृष्णधवल चित्रपट १९६१ साली प्रदर्शित झाला. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यांत नटांच्या दुर्दैवाचाच गहिवर अधिक आहे. चित्रीकरण संपताच, १९६० च्या नोव्हेंबरात, क्लार्क गेबल निवर्तले. मेरिलिन मन्रो यांचा हा पूर्ण झालेला अखेरचा चित्रपट ठरला. ही माहिती खरी आहे, पण ती चित्रपटाची समीक्षा नव्हे. कलाकृतीचे मोल तिच्या कर्त्यांच्या मृत्युलेखावरून ठरवू नये, असे आमचे मत आहे.

या चित्रपटाचा प्राण त्याच्या शेवटच्या भागात आहे. नेवाडा राज्यातील ओसाड डोंगरांत रानटी घोड्यांचा एक लहानसा कळप उरला आहे: एक नर, चार घोड्या आणि एक शिंगरू. तीन पुरुष त्यांना धरावयास निघतात. गिडो हा महायुद्धात बॉम्ब टाकून आलेला वैमानिक आहे; तो आपले जुने लहान विमान डोंगरांच्या कपारींत खाली घालतो आणि घोड्यांना सपाट, कोरड्या पडलेल्या तळ्यात हुसकावून आणतो. तेथे गे आणि पर्स हे दोघे ट्रकमध्ये दोर घेऊन वाट पाहत असतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला मोटारीचे जड टायर बांधलेले असतात. घोडा ते ओढीत ओढीत थकतो आणि मग त्याला भुईवर पाडून त्याचे पाय बांधतात. हे घोडे कुणाच्या स्वारीसाठी नाहीत. कुत्र्यांचे डबाबंद खाद्य करण्यासाठी ते वजनावर विकावयाचे आहेत. सहा जनावरांचे मिळून किती पैसे येतील आणि ते तिघांत कसे वाटावयाचे, याचा हिशेब पडद्यावर आपल्यासमोरच होतो. पूर्वी हजारोंनी असलेल्यांपैकी सहाच उरले, आणि त्या सहांसाठी एक विमान, एक ट्रक व तीन माणसे! या विसंगतीवर मिलर भाष्य करीत नाहीत. ते आकडा मांडतात आणि थांबतात. हा संयम थोर आहे.

या सर्वांच्या मध्ये रोझलिन ही एक स्त्री आहे. हा व्यवहार तिला आधी नीट कळलेला नसतो. कळतो तेव्हा तिला तो सहन होत नाही. ती त्या रखरखीत मैदानात दूर धावत जाते आणि पुरुषांना खुनी म्हणून आक्रोश करते. येथे ह्यूस्टन यांनी जे केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. ते कॅमेरा तिच्याजवळ नेत नाहीत. ती दूरवर, मुठीएवढी दिसत राहते. तिचा आवाज त्या पोकळीत विरून जातो. ज्या नटीचा चेहरा जवळून दाखविण्यासाठी अवघे चित्रपटजगत धडपडत असे, तिचा सर्वांत मोठा क्षण त्यांनी लांबून टिपला. साक्षीदाराची किंमत या जगात किती, याचे ते मोजमाप आहे. तो ओरडू शकतो, पण पुरुषांच्या हातांतील दोर त्याने ढिला होत नाही.

इतके साधल्यावर चित्रपट मागे सरतो, ही आमची तक्रार आहे. पर्स घोडे सोडतो. गे चिडतो, त्या नराला एकट्याने पुन्हा धरतो, पाडतो, आणि मग स्वतःच्या मर्जीने दोर कापतो. त्यानंतर तो आणि रोझलिन ताऱ्याच्या दिशेने घरी निघतात. घोडे सुटले ते प्रेमामुळे सुटले. किंबहुना एका पुरुषाचा मान राहावा म्हणून सुटले. साक्ष ही प्रणयकथेच्या कामी आली आणि तेथेच संपली. रोझलिन त्या तळ्यावर नसती तर? पुढल्या आठवड्यात दुसऱ्या कोणी विमान उडविले तर? हे प्रश्न पटकथा विचारीत नाही. एका मनुष्याच्या हृदयपरिवर्तनावर सहा घोड्यांचे प्राण टांगणे हे नाट्यदृष्ट्या सोयीचे असेल, परंतु धर्मदृष्ट्या ते अपुरे आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी की, प्रत्यक्षातील घटना या पटकथेपेक्षा पुढे गेलेली होती. मिलर १९५६ साली घटस्फोटाच्या निमित्ताने नेवाडात राहिले असता त्यांना हे घोडे धरणारे लोक भेटले, आणि त्यावरून त्यांनी १९५७ साली मूळ कथा लिहिली. त्याच नेवाडात, रीनो शहरी, वेल्मा जॉन्स्टन नावाची एक स्त्री एका कचेरीत चिटणिशीचे काम करीत असे. १९५० साली कामावर जाताना तिला पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसले. ती त्या ट्रकच्या मागे गेली. तो रानटी घोड्यांनी भरलेला होता आणि कत्तलखान्याकडे चालला होता. ती ओरडली नाही. तिने पाहिले, विचारपूस केली, लिहून काढले, आणि वर्षानुवर्षे सभांतून तेच सांगत राहिली. शाळेतल्या मुलांनी लोकप्रतिनिधींना पत्रांचा पाऊस पाडला. तिची टवाळी करण्यासाठी तिला ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ असे नाव ठेवण्यात आले. ते तिने भूषणासारखे धारण केले. १९५९ साली सार्वजनिक जमिनीवर विमाने व मोटारी लावून रानटी घोडे धरण्यास बंदी करणारा कायदा झाला. म्हणजे ‘द मिसफिट्स’ पडद्यावर आला तेव्हा गिडोच्या धंद्याला कायद्याने आळा घातलेला होता. रोझलिन मैदानात उभी राहून ओरडली. जॉन्स्टन ट्रकच्या मागून गेली. साक्ष म्हणजे काय, याचे उत्तर या दोघींमधील फरकात आहे.

पुढे १९७१ साली त्या देशाने घोड्यांना व रानगाढवांना सार्वजनिक कुरणांवर राहण्याचा हक्कच कायद्याने दिला. परंतु राज्यसत्तेची करुणाही अश्वमेधासारखीच असते. घोडा मोकळा सुटला की तिची सेना मागोमाग निघते. संरक्षण मिळाले तसे घोडे वाढले. कुरणे अपुरी पडू लागली. गुरे चारणारे तक्रार करू लागले. १९७६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारी कामासाठी हेलिकॉप्टर वापरण्यास अनुज्ञा मिळाली. तेव्हापासून जे चालते ते असे: हेलिकॉप्टर कळपाच्या मागे खाली उतरते व मैलच्या मैल त्यांना हाकत आणते, तागाच्या कापडाच्या दोन लांब भिंती नरसाळ्याप्रमाणे अरुंद होत जातात, त्यांच्या तोंडाशी एक पढवलेला घोडा धरून ठेवलेला असतो. कळप जवळ येताच त्याला सोडतात. तो सवयीने वाड्याकडे पळतो आणि घाबरलेले घोडे आपल्या जातीचा म्हणून त्याच्या मागे जातात. ख्रिस्ताचा घात करणाऱ्या शिष्याचे नाव तिकडे त्या घोड्याला दिलेले आहे. धरलेल्यांपैकी थोड्यांना लोक घरी नेतात. उरलेले सरकारी वाड्यांत व भाड्याच्या कुरणांत राहतात. २०२४ च्या सुमारास अशा बंदिस्त घोड्यांची व गाढवांची संख्या साठ हजारांच्या वर होती.

ही मोहीम पाहण्यास लोकांना मुभा असते, पण सरकार ठरवील त्या टेकडीवरून आणि ठरवील तितक्या अंतरावरून. एका छायाचित्र-पत्रकार स्त्रीने नेवाडातील २०१० च्या मोहिमेसंबंधी न्यायालयात धाव घेतली. आपणांस इतके लांब ठेवले की काय चालले आहे ते दिसलेच नाही, असे तिचे म्हणणे होते. २०१२ साली अपील न्यायालयाने, पाहण्याच्या हक्काची नीट तपासणी केल्यावाचून तो डावलता येणार नाही, असे सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. वाद त्याने मिटला असे नव्हे. परंतु साक्षीचे अंतर किती असावे हा प्रश्न न्यायासनापुढे उभा राहिला, हेच मोठे.

आता वाचक विचारतील, नेवाडाच्या घोड्यांशी आपला संबंध काय? संबंध जवळचा आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती त्या प्रांतातील बालाघाट जिल्हा आणि शेजारचा मंडला जिल्हा मिळून कान्हाचे अरण्य पसरले आहे. वैनगंगा बालाघाटातूनच आपल्या भंडाऱ्याकडे येते. आज जनावरे धरून दूर देशी नेण्याचे जे तंत्र आपल्या देशात रूढ होत आहे, त्याचे धडे कान्हाने गिरविले. ज्याला आपण गवा व कोकणीत ‘गवोरेडो’ म्हणतो, जो गोव्याचा राज्यप्राणी आहे, तो बांधवगडच्या जंगलातून नाहीसा झाला होता. २०११ च्या जानेवारीत कान्हातून १९ गवे भुलीच्या बाणांनी निजवून, ट्रकांत घालून बांधवगडला नेण्यात आले. पुढच्या वर्षी आणखी गेले. २०१५ साली बाराशिंगे गेले, एक तुकडी भोपाळच्या वनविहारात आणि पुढे सातपुड्याच्या जंगलात. त्यांच्यासाठी आफ्रिकेतील ‘बोमा’ पद्धत वापरली: गवताळ मैदानात कापडी भिंतींचे नरसाळे, आणि त्याच्या निमुळत्या टोकाशी ट्रक. कापड पारदर्शक नसते. जनावराला ती भिंतच वाटते, म्हणून ते तिला धडक देत नाही. कान्हात हेलिकॉप्टर नव्हते. एरवी उपाय तोच.

या कामाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कठीण भूमीवर राहणारा बाराशिंगा जगात कान्हाशिवाय अन्यत्र उरलाच नव्हता, आणि १९७० च्या गणनेत तो ६६ वर आला होता. त्याआधी १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शेलर यांनी कान्हात राहून हरणांचा व वाघांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६७ साली निघाला. शेलर हे उत्तम साक्षीदार होते. त्यांनी जनावरांना हाकले नाही, भुलविले नाही. ते बसून राहिले व मोजीत राहिले. त्यानंतर बाराशिंग्यांसाठी कुंपण घालून राखीव जागा केली, गवत राखले, आणि जात तगली. एकाच रानात साऱ्या जातीचे प्राण अडकलेले असताना तिला दुसरे रान मिळवून देणे यात दूरदृष्टी आहे. तेव्हा धरपकड सर्वथा निंद्य, असे म्हणणारा मनुष्य बाराशिंग्याचा मित्र नव्हे.

परंतु त्याच कान्हाच्या कुरणांची नावे ऐकावीत: सौंफ, बिशनपुरा. ही गावांची नावे आहेत. १९६९ पासून अरण्याच्या गाभ्यातील गावे उठविण्यास प्रारंभ झाला. बैगा व गोंड कुटुंबे बाहेर गेली, त्यांची शेते गवताखाली गेली, आणि त्या गवतावर आज बाराशिंगे चरतात व प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात. बाराशिंग्यांच्या प्रवासाचे वर्णन अहवालांत, चित्रफितींत, वर्तमानपत्रांत मिळते. किती गेले, किती जगले, किती पाडसे झाली हे सांगता येते. उठलेल्या घरांची इतकी काटेकोर हकीकत कोणत्या चित्रफितीत आहे? मिलर यांच्या पटकथेत सहा घोड्यांची मोजणी आहे. कान्हाच्या कथेत ६६ बाराशिंग्यांची आहे. मोजले जाणे हासुद्धा एक मान आहे, आणि तो कोणाला मिळाला व कोणाला नाही, हे समीक्षकाने विचारले पाहिजे.

हेलिकॉप्टरही आता मध्य प्रदेशात आले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाजापूर व उज्जैनच्या परिसरात, शेतांतून फिरणारे काळवीट व नीलगाई हेलिकॉप्टरने हाकून बोमात आणण्यात आल्या. दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञ त्यासाठी बोलाविले होते. ८४६ काळवीट व ६७ नीलगाई, मिळून ९१३ जनावरे धरून गांधीसागर, कुनो व नौरादेही येथील वनांत सोडली. शेतकऱ्यांचे पीक वर्षानुवर्षे उद्ध्वस्त होत होते; बंदुकीऐवजी ट्रक आला, हे निःसंशय चांगले झाले. मात्र हेही नोंदवावे की, कुनो व गांधीसागर ही आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांची स्थाने आहेत. रानात हरिण वाघाच्या किंवा चित्त्याच्या मुखी जाते यात अधर्म नाही. तरी ‘सुरक्षित जागी हलविले’ या शब्दांत अर्थाचा किती भाग सांगितला जातो आणि किती गाळला जातो, हे भाषेवर प्रेम करणाऱ्यास खटकावे.

या मोहिमेची जी दृश्ये लोकांपर्यंत पोचली त्यांत डोळा आकाशात आहे. खाली पिवळी-हिरवी शेते, त्यांवरून ठिपक्यांसारखा पळणारा कळप, आणि दोन बाजूंनी जवळ येणाऱ्या कापडी भिंती. दृश्य देखणे आहे. पण कॅमेरा जेथे हाकणारा बसतो तेथेच बसला आहे. त्याला धाप ऐकू येत नाही, भिंतीच्या टोकाशी काय होते ते दिसत नाही. ह्यूस्टन यांची थोरवी येथे पुन्हा आठवते. त्यांनी प्रथम आपणांस विमानात बसविले आणि मग खाली उतरविले; बांधून पडलेल्या घोड्याच्या डोळ्यापर्यंत नेले. वरून पाहिलेले दृश्य पूर्ण नसते, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी ते चुकले, पण कॅमेरा कोठे ठेवावा यात चुकले नाहीत.

यावर एक आक्षेप येईल. माणसांची गर्दी झाली तर जनावरे अधिक भितील. शिवाय साक्षीचा तमाशा होण्यास वेळ लागत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हैसूर संस्थानात काकनकोटे येथे हत्ती धरण्याचा खेडा होई, तेव्हा राजेरजवाड्यांच्या पाहुण्यांसाठी बसण्याची सोय असे. १९७१ साली शेवटचा खेडा झाला. त्या आसनांवरून सहस्रावधी डोळ्यांनी पाहिले, पण त्यांना कोणी साक्षीदार म्हणणार नाही. प्रेक्षक दृश्य संपले की उठतो. साक्षीदाराचे काम दृश्य संपल्यावर सुरू होते. जॉन्स्टन ट्रकच्या मागे गेली ती याच कारणाने. तेव्हा मागणी गर्दीची नाही. पशुवैद्य, पत्रकार, आणि ज्या गावाच्या शिवारातून कळप हाकला जातो त्या गावची दोन-चार माणसे, यांना ट्रकच्या दारापर्यंत आणि नव्या रानात सोडल्यानंतरही पाहता यावे, मेलेल्यांची संख्या जिवंतांच्या संख्येइतक्याच ठळकपणे लिहिली जावी, इतकेच.

आपल्या परंपरेत या विचारास आधार आहे. वृषोत्सर्गात बैल देवाच्या नावाने सोडतात, त्याच्या अंगावर चिन्ह उमटवितात, आणि तो सर्वांच्या रानात चरतो. तो कोणाचा नसतो, म्हणून त्याची लाज सर्वांना असते. त्याने पीक खाल्ले तर शेतकरी त्याला हुसकावतो. पण तो दिसेनासा झाला तर गाव विचारते, पोळ कोठे गेला? सोडण्याचा विधी एका घराचा, विचारण्याचे कर्तव्य साऱ्या गावाचे. गायरानावरचे मोकळे जनावर आणि राज्याने धरलेले जनावर यांच्याविषयी हाच प्रश्न चालू राहिला पाहिजे. आज देवस्थानांच्या परिसरातील पोळांचीही जी दुर्दशा आपण पाहतो ती, सोडण्याचा विधी राहिला आणि विचारण्याचा संपला, म्हणूनच झाली आहे.

युधिष्ठिराचा अश्वमेध पार पडला तेव्हा दानाची, अन्नाची, ब्राह्मणांच्या तृप्तीची स्तुती चालली असताना एक मुंगूस तेथे आले. त्याचे अर्धे अंग सोन्याचे होते. कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाने दुष्काळात आपल्या वाट्याचे सातूचे पीठ अतिथीस दिले होते, घरच्या चौघांनी उपाशी राहून दिले होते. त्या सांडलेल्या कणांत लोळता मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत होते. या महायज्ञातही ते लोळले, आणि एक केसदेखील पालटला नाही. महाभारतकारांनी हे मुंगूस स्तुतिपाठकांच्या मध्येच आणून उभे केले, ही त्यांची थोर समीक्षाबुद्धी होय. त्याने यज्ञ मोडला नाही, राजाला शाप दिला नाही. भुईवर लोळून पाहिले आणि आपले अंग दाखविले.

‘द मिसफिट्स’ला ही कसोटी लावता त्याचे अर्धे अंग निश्चित सोन्याचे ठरते, उरलेले अर्धे प्रणयाच्या चांदण्यात राहिले. शाजापूरच्या चित्रफितींचे अंग अजून तपासावयाचे आहे, कारण त्या भुईवर उतरल्याच नाहीत. कान्हाच्या कुरणात तर अहवालांनी मोजलेले आणि न मोजलेले, असे दोन्ही कण त्याच गवतात सांडलेले आहेत. तेथे लोळून पाहणारा कोणी बालाघाटातूनच पुढे यावा, आणि त्याने जे पाहिले ते त्याच्या बोलीत लिहावे. ते वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.